त्या केबलने काहीच फरक पडत नव्हता

बाबा, काल तुमचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला नेला होता. दुकानदार तुमच्याच वयाचा असेल, तुम्ही असता तर. सिंगापूरहून मागवलेली तुमची ती बोटभर जाड, महागडी स्पीकरची केबल त्याने जोडली, गाणं लावलं, मग ती काढून साध्या तांब्याच्या वायरीवर तेच गाणं लावलं. "वित्यासम इल्ल, मॅडम," तो तमिळमध्ये म्हणाला. काही फरक नाही. घरातल्या घरात एवढ्याशा अंतराला कुठलीही बरी वायर पुरते. त्याने हे सहज सांगितलं आणि ऑटोत बसल्यावर मी ती केबल रागाने पिशवीच्या तळाशी कोंबली.

तेव्हा मी चौदा वर्षांची. आवडी गावातल्या, कारखान्याच्या क्वार्टरमधली पुढची खोली, रविवारची सकाळ. तुम्ही नवी केबल जोडून मला समोर बसवता. "फरक कळतोय?" मी नीट ऐकते आणि म्हणते, "नाही, बाबा." मग तुम्ही आईला विचारता. ती फोडणीवरून मान वर न करता म्हणते, "हो, खूपच." तुम्ही म्हणालात, "हिला कानच नाहीत. गाण्याच्या क्लासला कशाला पाठवायचं?" आणि खरोखरच बंद केलात. क्वार्टरांच्या मागच्या लाइनीत राहणाऱ्या पाट्टी, त्या तमिळ आजी, मला तीन वर्षं गाणं शिकवत होत्या. मुलगी सुरात गाते, हे सांगायला त्या म्हाताऱ्या बाई गुडघे धरत जिना चढून आल्या. तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत. जन्मभर कारखान्यात वायरिंग केलेला माणूस तुम्ही. केबलने फरक पडत नाही हे तुम्हाला कळत नव्हतं, असं मी मानणार नाही.

त्याच वर्षी दिवाळीत तुमचे कारखान्यातले मित्र ती केबल ऐकायला आले. त्या दुपारी तुम्ही झोपलेले असताना मी तिच्या जागी जुनी वायर जोडून ठेवली होती. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "बघा, तबल्यावरचं एकेक बोट वेगळं ऐकू येतं." मी उठले, स्पीकर पुढे ओढला आणि सगळ्यांना मागची वायर दाखवली. आधी एकजण हसला, मग सगळेच. तुम्ही मला मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही सिस्टिमवर चादर टाकलीत आणि मरेपर्यंत, अकरा वर्षं, ती उचलली नाहीत. आईने रेडिओ लावला तरी उठून बाहेर जायचात. 'चुकलं' एवढं म्हणणं जड गेलं, म्हणून सगळ्या घराला मुकं केलंत. याची माफी मी अजून दिलेली नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही. कारण एक गोष्ट फक्त तिला आणि मला माहीत आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "पाडव्यापासून जा हो क्लासला, बाबा तयार झालेत." ते ऐकूनही मी वायर बदलली. मला गाणं नको होतं त्या दिवशी. लोक तुम्हाला हसायला हवे होते.