चाकणच्या मोटारीतला ओला पंचा

रविवार, ४ डिसेंबर १९५५. पिंपरी.

पोचले बाई एकदाची! हातपाय धुतले आणि आधी वही काढली. आमच्या प्रौढवर्गाच्या सोपानराव मास्तरांनी बजावलंय, सारजाबाई, परमुलखात जाताय, रोज चार ओळी लिहायच्या आणि आलात की सगळ्या बायांना वाचून दाखवायच्या. तर ऐका बायांनो, मी आजी झाले! सात दिवसांचा आहे, लाल मुळ्यासारखा, आणि कपाळावर आठी अगदी आमच्या ह्यांची. म्हणजे भांडखोर निघणार.

लेकाची, ज्योतीरामची तार आली तशी निघाले. वैजापूरहून कोपरगाव, तिथं मुक्काम, मग संगमनेर, मग चाकण. उभ्या जन्मात आपलं राज्य सोडलं नव्हतं. आपलं हैद्राबाद सरकार, इकडं मुंबई सरकार. भाषा तीच, पण माणसं अशी बघतात जशी मी त्यांच्या ताटातलं उचलायला आलेय. संगमनेरला एकानं विचारलं, निजामाकडची का गं म्हातारे? मी म्हटलं, निजाम गेला, मी उरले. कुणी हसलं नाही. आपल्याकडं असं बोललं की निदान पाणी तरी विचारतात.

येताना नातवासाठी खणाची कुंची शिवून आणली. वर मोर काढलाय. त्याचं बदक झालंय, पण नातू कुठं ओळखतोय!

हां, तर चाकण. तिथं आमची मोटार बिघडली. दुसरी आली तशी माणसं तिच्यावर तुटून पडली. दारातून शिरणं राहू दे, आधी खिडक्यांतून पटके, टोप्या, पिशव्या आत. इकडचा कायदाच तो, ज्याचं फडकं त्याची जागा. मी गाठोडं घेऊन चढेपर्यंत सगळी बाकं धरलेली. फक्त मागं, खिडकीपाशी एक जागा मोकळी आणि तिच्यावर घडी घातलेला पंचा. ओला. माणसं दांडीला लोंबकळत होती, पण तिथं कुणी बसेना. मी तीनदा विचारलं, कुणाचा हो पंचा? सगळे बाहेर बघायला लागले. मग मी तो चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला आणि जागेवर कुंची ठेवली.

कंडक्टर म्हणाला, म्हातारे, ती जागा धरलेली होती. मी म्हटलं, आता माझ्या नातवानं धरलीय, ही बघ त्याची कुंची. ज्याची असेल त्यानं माझ्या नातवाशी भांडावं! बायांनो, मला वाटलं काय झकास बोलले मी. पण पुढच्या बाकावरची बाई आपलं पोर उचलून दाराशी जाऊन उभी राहिली. कंडक्टरनं माझ्या हाताला हात न लावता तिकीट दिलं. मी मात्र कासारवाडीच्या फाट्यापर्यंत ऐसपैस बसून आले. लुगडं तेवढं मागून भिजलं.

सोमवार, ५ डिसेंबर.

सकाळी बाळाला न्हाऊ घातलं. पाणी अंगावर पडलं की मुठी आवळतो, जसा काही त्याचा साबणच कुणी चोरलाय. सुमनला, म्हणजे सुनेला, माहेर नाही, म्हणून बाळंतपण इथंच. ज्योतीराम इथं औषधाच्या नव्या कारखान्यात लागलाय. खोली एकच, पण ऊन चांगलं येतं. घरमालकीण ठकुबाई पलीकडच्या खोलीत. तोंडानं फटकळ. मला बघून म्हणाली, सून वाळकी आन् सासू भोपळा, कसं व्हायचं तुमचं! मला आवडली. बारसं शुक्रवारी, बाराव्या दिवशी. शेजारच्या पंधरा बायांना ती स्वतः बोलावणं करणार आहे.

एक गंमत झाली. जेवायला पाट मांडला, पाणी आणायला उठले, परत येते तर पाटावर पंचा. घडी घातलेला, ओला. मला वाटलं ज्योतीरामचा. तो म्हणाला, आई, माझे पंचे असले फाटके नाहीत. मग ठकुबाईचा असेल म्हणून मी तो धुतला. लाल माती निघाली. तीनदा पाणी बदललं तरी माती निघतच होती, नदीच्या तळाची असते तशी, शेवाळाच्या वासाची. भिंतीवर वाळत टाकला. दिवसभर ऊन होतं. संध्याकाळी हात लावला तर तसाच गार.

मंगळवार, ६ डिसेंबर.

ठकुबाई पंचा तिचा नाही म्हणाली. मग मी तिला मोटारीतली गोष्ट सांगितली, हसत हसत, कंडक्टरची नक्कल करून. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.

तिनं सांगितलं ते लिहिते. मास्तर, एवढं मी बायांना वाचून दाखवणार नाही.

मागच्या साली डोंगराकडचा एक माणूस चाकणला त्या मोटारीत चढायला आला. खिडकीतून पंचा टाकून जागा धरली आणि वळसा घालून दाराशी गेला. तोवर कुणीतरी पंचा बाहेर भिरकावून बसलं. आतल्यांनी दार आवळून धरलं, वर हसले. त्यानं पंचा उचलला आणि मागच्या शिडीला लोंबकळला. मोशीच्या उतारावर, इंद्रायणीच्या पुलाशी, हात सुटला. दोन दिवसांनी पाण्यातून काढला तेव्हा पंचा मुठीत होता. तेव्हापासून त्या जागेवर रोज पंचा असतो आणि कुणी बसत नाही. भोसरीच्या एका माणसानं तो टाकला होता आणि म्हटलं होतं, जागा माझ्या भावाची आहे. आठ दिवसांत भाऊ गेला. भावाच्या अंथरुणावर पंचा सापडला.

मी विचारलं, मग मला मोटारीत कुणी सांगितलं का नाही? ठकुबाई म्हणाली, तू परक्या मुलखाची, कुणाची कोण तू? आन् बसलीस त्याचं काय न्हाई गं म्हातारे. नाव कुणाचं घेतलंस?

मग तिनं तांदूळ उचलले आणि दार लावून घेतलं.

बुधवार, ७ डिसेंबर.

रात्री ज्योतीरामला सांगितलं होतं. तो म्हणाला, आई, वर्गात जाऊन हेच शिकलीस का? पंचा त्यानं स्वतः उकिरड्यावर टाकला.

आज दुपारी मी मागं भांडी घासत होते. सुमनची किंकाळी ऐकून आत गेले. बाळ कोपऱ्यात, उघड्या फरशीवर. गोधडीवर, त्याच्या जागी, पंचा. चार घड्या. सुमनला वाटलं मीच बाळाला खाली ठेवलं. मला म्हणाली, सासूबाई, तुम्ही त्याला हात लावू नका. मी बरं म्हटलं.

बाळ निळसर झालं होतं. छातीशी धरल्यावर बऱ्याच वेळानं रडलं.

ठकुबाई बारशाला येणार नाही. कुणीच येणार नाही. तिनं घरोघर जाऊन सांगितलं. पाणी भरायला गेले तर हौदाशी बायांनी आपापल्या घागरी ओढून घेतल्या. एक म्हणाली, आजी, आमच्या पोरांची नावं विचारू नका हं.

गुरुवार, ८ डिसेंबर.

ज्योतीरामनं पाळणा आणून टांगला. नवा, लाल-हिरवा रंग दिलेला. दोर चांगले जाड. रिकामाच होता आणि दोर करकरत होते. झोळ जमिनीकडं आलेला, जसं एखादं मोठं माणूस आत बसलंय. ज्योतीरामनं आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आता तो पंचा उकिरड्यावर टाकायला उचलत नाही.

सुमन आता काय म्हणते ते लिहिते.

म्हणते, मांडीवर बाळ राहत नाही. घसरतं. मांडी आधीच भरलेली वाटते, जड, ओली. दूध प्यायला घेतलं की कुणीतरी मध्ये—

काल रात्रीपासून बाळानं घोटभर दूध घेतलेलं नाही.

शुक्रवार, ९ डिसेंबर. सकाळ.

बारसं आज. आम्ही तिघंच. पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात ना बायांनो, तो ठेवला. बाहेर पडला. पुन्हा ठेवला. बाहेर. जागा नाही.

नाव ठेवायला बाळाच्या कानाशी वाकले. कान गार. श्वास मांजराच्या पिलाएवढा. ज्योतीराम डॉक्टरला आणायला धावलाय. डॉक्टर काय करणार? पोराला कुठं जागाच उरली नाही. पाळण्यात नाही, गोधडीत नाही, आईच्या मांडीवर नाही.

मीच त्याचं नाव पुढं केलं. मीच मागं घेणार.

पंचा घेतला. कुंचीही. सुमनला म्हटलं, मांडी घालून बस, बाळाला सोडू नको, मी येते. चूक झाली. येते म्हणायला नको होतं, परत येणं होईल की नाही कुणास ठाऊक.

दुपार. मोटारीत.

आधी दुसऱ्या मोटारीनं चाकणला आले. तिथं तीच मोटार आली. माणसांनी मला ओळखलं. दाराशी वाट करून दिली, पहिल्यांदाच. मागची जागा मोकळी. पंचा ठेवला, तिथंच, घडी घालून. हात जोडून म्हटलं, घे बाबा तुझी जागा. उभी राहिले.

काही नाही. पंचा तसाच. तो इथं नाहीच. त्याला आता बाकडं कशाला, त्याला मांडी मिळालीय—

कंडक्टरला विचारलं, काय करू? तो हळूच म्हणाला, आजी, तुम्ही ज्याचं नाव सांगितलंत त्याच्याकडं तो गेला. दुसरं काही सांगितलंच नाही तुम्ही.

मग पंचा बाजूला केला. कुंची कमरेला खोचली. बसले. मोठ्यानं म्हटलं, सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं. ही जागा सारजानं धरली. नातवानं नाही. मी. माझ्याशी भांड.

मोशीचा उतार आला— अक्षर हलतंय—

शिडी वाजली. मागं. कुणी वर बघत नाही, सगळे बाहेर बघतात—

पूल.

मांडी जड झाली. ओली. केवढा जड आहे. म्हणजे उठला तो तिथून. उठला! तिकडं सुमनची मांडी मोकळी झाली असेल. बाळ पीत असेल बायांनो, माझं भांडखोर बाळ—

कासारवाडीचा फाटा गेला. मला उठता येत नाही. लुगड्यातून पाणी गळतंय, पायाशी लाल माती—

पंचा वाळलाय. एकदम कोरडा.

वही इथंच बाकावर ठेवीन. ज्याला सापडेल त्यानं पिंपरीला ज्योतीरामकडं पोचवा. पण उचलण्याआधी विचारा, जागा धरलीय का. कुणाचंही नाव घेऊ नका, थट्टेनंसुद्धा. नुसतं विचारा. मी सांगेन, की इथं—