बिनखांबांचा तंबू

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दाजींच्या तब्येतीची चौकशी करत नाही, त्यांचं घोरणं इथवर ऐकू येतं.)

आमच्या थोरलीला शाळेसाठी तुझ्याकडे पाठवायचं म्हटल्यावर तिची आई अडून बसली. "स्वतःची वेणी घालता येत नाही आणि निघाली परगावी!" मी म्हटलं, परीक्षा घेऊ. सगळ्यांनी टेकडीवर जायचं, तंबू पोरांनी उभारायचा, मोठ्यांनी बोट लावायचं नाही. जमलं तर पोरगी तुझ्याकडे, नाही तर घरी. (फुटपाथवर गोणपाट शिवत तंबूंच्या कारखान्यापर्यंत आलेला माणूस मी, स्वावलंबनावर बोलू लागलो की गिऱ्हाईक घासाघीस विसरून पळतं.) वाटभर तेच ऐकवलं. टेकडीच्या माथ्यावर पोचून तंबूचं गाठोडं सोडलं आणि मला घाम फुटला. खांबच नाहीत! हसू नकोस. आमच्या धंद्यात कापड आमचं, खांब लोहाराचे. ते परस्पर गिऱ्हाइकाकडे जातात. उभ्या जन्मात मी खांब उचललेला नाही. तिची आई ओढ्यावर पाणी आणायला गेली होती, म्हणून अब्रू वाचली.

मी सल्ला द्यायला तोंड उघडलं, तर पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा तिकडे." बसलो. तिने दोन झाडांमध्ये दोर ताणला, त्यावर कापड टाकलं, धाकट्या ढब्ब्याला दगड आणायला पिटाळलं आणि एकेक कोपरा दोराने दगडाला बांधला. गाठ माझीच, पण मी तिला कधी शिकवलेली नाही! तेवढ्यात वारा सुटला. कापड टम्म फुगलं. गाठ तसूभर हलली नाही. ताई, एवढे तंबू शिवले, पण तंबूकडे आ वासून बघत राहिलो तो पहिल्यांदाच.

त्याहून थक्क झालो ते कापडाआडची कुजबुज ऐकून. (माझे कान तुला माहीतच आहेत.) "ढब्ब्या, आईजवळ बोललास तर बघ. बाबा खांब विसरलेले नाहीत. त्यांनी मुद्दाम आणले नाहीत. कळलं?"

"पण ते तर घाबरले होते."

"म्हणूनच!"

आईने येऊन तंबू पाहिला, चारी दोर ओढून पाहिले आणि म्हणाली, "जाऊ दे तिला." मी ओढ्यावर तोंड धुऊन आलो.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पोरगी पुढच्या महिन्यात येते आहे. तिची काळजी करू नकोस.

ता. क. दुसरा. तुझ्या घराजवळ एखादा गाळा भाड्याने मिळेल का? तंबू कुठेही शिवता येतात. तिला मात्र इतक्यात कळू देऊ नकोस. बापाला एकटं राहायला शिकवायचं म्हणून ती मलाच कुठल्या तरी टेकडीवर सोडून येईल.