समाजाला दिलेलं बूच

७ सप्टेंबर, रविवार

बालाघाटच्या तमाम स्कूटरवाल्यांनो, आणि मागच्या सीटवर मुकाट्यानं धक्के खाणाऱ्या माता-भगिनींनो! गेल्या दसऱ्याला आपण नागपूरला निघालो आणि कटंगीच्या पुढे गेलो नाही. कोणाचा प्लग गेला, कोणाची केबल तुटली, कोणी पेट्रोलच भरलं नव्हतं. दीक्षाभूमीऐवजी आपण धाब्यावर बसून भजी खाल्ली आणि परतलो. ही जखम आपल्या सर्वांची आहे!

ही रोजनिशी आहे, समोर कोणी बसलेलं नाही, हे मला कळतं. पण संबोधनाशिवाय माझा पेन चालत नाही. माझी बायको ललिता म्हणते, तुमी तं दूधवाल्यालेबी बंधू-भगिनींनो म्हनता. एकदाच म्हणालो होतो.

आज विहारात बैठक. यंदाच्या राइडचा कॅप्टन मी. निवड एकमताने. राइडमधल्याच पवनने हात डोकं खाजवायला वर नेला होता, असं तो नंतर म्हणाला. हात वर होता, हे महत्त्वाचं.

मग मैनाबाई उठल्या. आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, सत्तरी केव्हाच ओलांडली. धाकटी बहीण गोदाबाई चंद्रपूरकडे दिलेली. दोघी वर्षातून एकदाच भेटतात, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर, पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगेच्या टोकाला. फोनचा उपयोग नाही, गोदाबाईंना फोनवरचं ऐकू येत नाही. तिच्या गावची गाडी संध्याकाळी परत निघते. गेल्या वर्षी ती दिवसभर त्या टोकाला बसून होती आणि मैनाबाई आमच्याबरोबर धाब्यावर. आज म्हणाल्या, हिराबाबू, औंदा नेजो रे. पुढच्या साली दोघीतली कोन राहीन, कोन नाई.

मी उभा राहिलो आणि शब्द दिला: माझ्या गाडीवर, माझ्या मागे.

ललिताने घरी विचारलं, बसनं काहून नाई पाठवत? दसऱ्याच्या बसमध्ये उभं राहायला त्यांचे गुडघे तयार नाहीत. शिवाय शब्द बसने दिलेला नाही, मी दिला आहे.

१४ सप्टेंबर

विहाराच्या अंगणात प्रात्यक्षिकासह भाषण. विषय: तयारी. माझी स्कूटर स्टँडवर. जुनं ऑइल मी स्वतःच्या हाताने काढलं. मेकॅनिकवर अवलंबून राहणारा समाज उद्या कोणावरही अवलंबून राहील.

ऑइलचं बूच उघडलं. त्याला खाली मापाची पट्टी असते. ती उंच धरली आणि शब्द आपोआप आले. ही पट्टी लाच घेत नाही! ही पट्टी जात विचारत नाही! किती आहे तेवढंच सांगते! आपल्या प्रत्येकाच्या आत अशी एक पट्टी हवी! टाळ्या थांबेनात. मी खाली उतरलो, पहिल्या रांगेतल्या मैनाबाईंच्या ओंजळीत ते बूच ठेवलं आणि म्हणालो, माय, ही आपल्या तयारीची निशाणी. नागपूरला पोचेपर्यंत तुझ्याजवळ ठेव. त्यांनी ते कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधलं. लोक उभे राहिले.

मंजुषाने तेवढ्यात विचारलं, काकाजी, मंग गाडीले काय लावान? ही मुलगी नर्स आहे, रोज स्वतःच्या स्कूटरने लालबर्ऱ्याला ड्यूटीवर जाते. प्रश्न चांगला, वेळ वाईट.

१५ सप्टेंबर

ललिता: जा ना बाप्पा, मागून आना. दोन घरं तं हाय.

मी समजावलं की मी दिली ती निशाणी होती, स्पेअर पार्ट नव्हता. म्हणाली, मंग निशानी मागून आना. तत्त्वाची चर्चा तिच्याशी होत नाही. भरसभेत दिलेली वस्तू मागच्या दाराने परत आणणारा माणूस पुढच्या सभेत काय बोलणार?

नवीन विकत घ्यायचं. विषय संपला.

१८ सप्टेंबर

विषय संपला नाही. माझं मॉडेल जुनं. दुकानदार म्हणाला, मागवावं लागेल, दसऱ्यानंतर येईल. मी एका मित्रासाठी विचारतो आहे असं सांगितलं. बाकावर पवन चहा पीत बसला होता. म्हणाला, तुमच्या दोस्तानंबी भाषन देल्लं का?

आणि नेमक्या त्याच वेळी मैनाबाई रस्त्यावरून आल्या. पदराची गाठ सोडली, बूच पुढे केलं. बाबू, हे तुह्या गाडीचं हाय ना? मले ललितानं सांगतलं. घे, लाव.

घ्यायला हात निघाला होता. पण पवन बघत होता. दुकानदारही. मी म्हणालो, माय, समाजाला दिलेली वस्तू हिरालाल परत घेत नाही. मैनाबाईंनी गाठ पुन्हा बांधली. पवनने टाळ्या वाजवल्या. ज्या पद्धतीने वाजवल्या ती मला आवडली नाही.

ललिताला कोणी सांगायला सांगितलं होतं?

२१ सप्टेंबर

उपाय सापडला! आपल्या वाडवडिलांनी तेलाच्या बाटल्यांना काय लावलं? भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, दांडा. दाणे खाऊन उरलेला. भोकाच्या मापाने कापला, वर पॉलिथिन, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. घट्ट बसला. स्वावलंबन! बाजारात जे मिळत नाही ते परंपरेत मिळतं.

आत ऑइल किती टाकायचं ते कळेना, कारण पट्टी पदरात. म्हणून भरपूर टाकलं. उपाशी माणूस लढत नाही, उपाशी इंजिन कसं लढेल? ललिता म्हणाली, जास्त खाल्लेलं पोरगं ओकते. ऐकलं नाही.

२७ सप्टेंबर

ट्रायल: लालबर्ऱ्यापर्यंत जाऊन आलो. उत्तम. स्टँडखाली थोडे थेंब. ललिताने तिथे जुनी परात आणून ठेवली, न बोलता. तिचं न बोलणं मला भाषणासारखं ऐकू येतं. इंजिनलाही घाम येतो, मी म्हणालो.

राइडचे नियम ग्रुपवर टाकले. मुख्य नियम: निळा झेंडा कॅप्टनच्या गाडीवर. झेंड्याच्या पुढे कोणी जायचं नाही. गेल्या वर्षी जो तो पुढे पळाला, म्हणून कोणीच पोचलं नाही.

डिकीतून पाने, प्लग, जुन्या केबली काढल्या. माझी पुस्तिका ‘लांबचा प्रवास आणि आपली तयारी’ हिच्या प्रती तिथे बरोबर बसल्या. वाटेत वाटता येतील. मंजुषाच्या डिकीत पाहिलं तर ऑइलची बाटली, प्लग, पंक्चरचं सामान आणि नायलॉनची जाड दोरी. मी हसून म्हणालो, बेटा, आपण नागपूरला जातोय, म्हैस आणायला नाही. ती म्हणाली, हौ काकाजी. आणि दोरी काढली नाही.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ

भुट्ट्याचा दांडा ऑइल पिऊन मऊ पडला आहे. बोटाने दाबला तर आत गेला. नवीन कापून लावला.

मैनाबाईंकडे गेलो. उद्याची वेळ सांगायला. फक्त वेळ सांगायला. दोरीवर पांढरं लुगडं वाळत होतं. गोदाबाईंसाठी वाळवलेल्या अंबाडीची पुडी बांधून तयार. मैनाबाई गुडघ्यांना तेल चोळत होत्या. म्हणाल्या, गोदीले वाटत असन, मैना मेली. म्हनून मांगच्या साली आली नाई. उद्या पाह्यते कशी माह्याकडे.

बूच खाटेवर, पुडीशेजारी होतं. हात लांबवला असता तर मिळालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बुचाकडे पाहिलं, वाट पाहिली. मी म्हणालो, पहाटे तयार राहा.

निघून आलो. कणखरपणा यालाच म्हणतात.

२ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, पहाट

वीसेक स्कूटर. धुकं. झेंडा फडकतोय. जय भीमच्या घोषणा. छोटंसं भाषण केलं. ललिता शेवटी म्हणाली, भाषन आवरा, बुढी मागं बसून गारठून राह्यली. तिने मैनाबाईंच्या अंगावर शाल टाकली आणि मला हळूच म्हणाली, हळू चालवजा. शब्द नसता देला तरी चाललं असतं.

निघालो.

वारासिवनी, चहा

सर्व ठीक. जळका वास येतो. मागच्या ट्रकचा असावा. मागे ट्रक नाही.

कटंगीच्या अलीकडे

थांबलोय. मैनाबाईंना पाय मोकळे करायचे आहेत, असं मी जाहीर केलं. त्या म्हणाल्या, मले नाई करा लागत.

गाडी ओढत नाही. मूठ पिळली तरी वेग कमीच. नियमाप्रमाणे मागे सगळी रांग त्याच वेगाने. धानाचा ट्रॅक्टर पुढे गेला. मग सायकलवर एक म्हातारा, दुधाचे डबे लावलेला. पवन शेजारी येऊन ओरडला, हिरालालभाऊ, झेंड्याच्या पुढं दूध गेलं, आता काय करता? मी हात वर करून शिस्त पाळायला सांगितलं. मंजुषा हॉर्न वाजवत होती. म्हणाली, काकाजी, तुमच्या मागच्या चाकावर ऑइल उडून राह्यलं. उतरा. आजीले माह्या गाडीवर द्या.

मी शब्द दिला आहे. कटंगी ओलांडली की मागच्या वर्षीचा डाग पुसला जाईल. तेवढं तरी माझ्या गाडीने पुसायचं.

मैनाबाई म्हणतात, ऊन किती वर आलं रे?

तिरोडीच्या अलीकडे

लिहितोय, कारण बोलायला तोंड नाही.

कटंगी पार केली, घोषणा झाल्या. मी गाडीवरचा झेंडा काढून एका हाताने उंच केला. पुढच्या वळणावर मागचं चाक सुटलं. साबणावरून पाय सुटतो तसं. मैनाबाई ओरडल्या नाहीत. त्यांची बोटं फक्त माझ्या कुशीत रुतली. झेंडा माझ्या हातून केव्हा पडला ते कळलं नाही. समोरून जीप येत होती. कसं सावरलं माहीत नाही. गाडी गवतात जाऊन उभी राहिली, आडवी झाली नाही. सायलेन्सरवर ऑइल, धूर. भुट्ट्याचा दांडा मागे कुठेतरी उडून गेला होता.

मैनाबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. मले काई झालं नाई बाबू, म्हणाल्या. मी त्यांना आणलं होतं, आणि धीर त्या मला देत होत्या.

मंजुषाने चाक पुसलं, इंजिनला कान लावला. म्हणाली, वाचलं. ऑइल टाकलं आन बूच लावलं तं चालन. ऑइल माह्याजवळ हाय.

बूच?

सर्वांनी मैनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी भर रस्त्यावर गाठ सोडली. पवन म्हणाला, घ्या ना भाऊ, बूच हाय ते, ट्रॉफी नोहे. कोणी हसलं नाही. घेतलं असतं. शपथ, घेतलंच असतं. पण गर्दी गोल करून उभी होती, आणि माझ्यासमोर गर्दी गोल उभी राहिली की माझं तोंड आपोआप उघडतं.

मी म्हणालो, मी थांबतो! चळवळ थांबणार नाही! निशाणी माईकडेच राहील, नागपूरपर्यंत! काही जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या वाजल्या.

मंजुषाने ऑइलची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, काकाजी, तुमी बोलत राहा, आमी निघतो. गोदाआजी वाट पाहून राह्यली. मैनाबाईंना मागे बसवलं, गवतातला झेंडा उचलून आपल्या गाडीला बांधला. रांग गेली. झेंड्याच्या पुढे कोणी गेलं नाही. त्यांचा वेग पाहून मला कळलं, सकाळपासून मी किती लोकांना अडवून ठेवलं होतं.

दुपार उलटली

रस्त्यालगतच्या घरच्यांनी मोहाच्या झाडाच्या सावलीत खाट टाकून दिली. भले लोक. कुठं चालले, विचारलं. नागपूर, म्हणालो. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना पुस्तिकेची प्रत दिली. शेळीने दुसरी खाल्ली.

बाटलीभर ऑइल माझ्याजवळ आहे. बूच चाललंय नागपूरला. तयारी अर्धी झाली, असं म्हणता येईल.

ललिताला फोन केला नाही. तिनेच केला. सगळं ऐकून घेतलं. विचारलं, बुढी बरी हाय ना? बरी आहे. जेवले का? नाही.

सगळी नजर उन्हावर. पोचल्या असतील का? गोदाबाईंची गाडी संध्याकाळी निघते. मैनाबाईंना उशीर झाला तर तो माझ्या नावावर.

संध्याकाळ

मंजुषाचा फोटो आला. भेटल्या!

पुस्तकांच्या स्टॉलच्या टोकाला दोघी जमिनीवर बसलेल्या. कपाळाला कपाळ. गोदाबाई रडतेय की हसतेय, फोटोत कळत नाही. खाली मंजुषाने लिहिलंय: गाडी निघाच्या थोडंसंच आधी पोचलो काकाजी.

दोनदा मोठा करून पाहिला. गोदाबाईंच्या मुठीत काहीतरी आहे. काळं. खाली पट्टी.

मंजुषाला फोन लावला. ती म्हणाली, मैनाआजीनं देल्लं. म्हने, नागपूरपर्यंत ठेवाचं होतं, ठेवलं. आता तू ने गोदे, आन पुढच्या साली मले इथंच वापस आनून दे. म्हंजे दोघीले यावंच लागन. गोदाआजीनं पदराले बांधलं. गाडीत बसून राह्यल्या आता. काकाजी, थांबवू का?

मैनाबाई जवळच असाव्यात. त्यांचा हसण्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

पहिल्यांदाच लांब बोलायचं नव्हतं. जाऊ दे, म्हणालो.

मग ग्रुपवर लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. ‘इतिहास साक्षी आहे’ काढलं. ‘संघर्ष’ काढला. उरलं ते असं, आणि पाठवलं:

बालाघाटच्या स्कूटरवाल्यांनो, उद्या परतताना तिरोडीच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली थांबा, आणि मंजुषाच्या डिकीतली ती दोरी माझ्या गाडीला बांधा.