वज्रघणचा ठोका

३ नोव्हेंबर, सोमवार
चिंचवडला चहाच्या टपरीवर मारामारी. विषय : वज्रघण हा बँड जुन्या गायकाशिवाय वज्रघण उरतो का. पूर्वपक्ष एका पेंटशॉपवाल्याने मांडला. उत्तरपक्ष राजाने हेल्मेटने. दोन दात पडले.
सतरा वर्षांनी अल्बम येतोय, २८ तारखेला. हे लोक सतरा वर्षं दात धरून बसले होते, ते आता एकमेकांचे पाडतायत.
हवालदारांनी विचारलं, "कुठल्या पक्षाचे?" म्हटलं, गिटारच्या. त्यांनी 'इतर' लिहिलं.
पेपरला चार ओळी पाठवल्या. राजाचं नाव घातलं नाही. वज्रघण मित्रमंडळाचा अध्यक्ष, शिवाय माझ्याच गल्लीतला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कारखान्यांच्या सुट्टीचा वार. सकाळी मधू आला. बँडचा गिटारवाला, पण माझ्यासाठी पाठशाळेतून पळून गेलेला मध्या. तो पळाला आणि नाव काढलं. मी न्यायशास्त्र पुरं केलं आणि अपघातांच्या बातम्या देतो. अख्खा अल्बम पेनड्राइव्हवर दिला. "परीक्षण लिही. २८ च्या आत एक सूर बाहेर गेला तर कंपनी करार मोडेल." मी जानव्याची शपथ घेतली. जानवं घालायचं सोडून वीस वर्षं झाली, हे त्याला ठाऊक नाही.
दुपारी राजा आला. मला राहवलं नाही. एकच गाणं लावलं. तो ढसाढसा रडला. बेल वाजली म्हणून शेवटच्या कडव्याआधी बंद केलं. सौ. म्हणाली, एवढा मोठा माणूस, सोमवारी कुणाचे दात पाडतो, गुरुवारी रडतो.
त्याचा मोबाइल टेबलावर पालथा होता. जाताना तो आठवणीने उचलला.

८ नोव्हेंबर, शनिवार
गाणं तळेगावपासून चाकणपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर. शेवटचं कडवं नाही. मी जिथे बंद केलं तिथेच तुटतं.
मधूचा फोन. "कोणी?" मी म्हटलं, माहीत नाही.
राजाला गाठलं. "आईच्यान सर, मी न्हाई." डोळ्याला डोळा भिडवला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मंडळाची बैठक, मैदानात, साठेक जण. मीही होतो, वार्ताहर म्हणून. 'फोडणाऱ्याला फोडा' हा एकच ठराव.
मग गाणं मोठ्याने लावलं आणि या लोकांनी कान दिले. सगळे शॉपफ्लोअरचे, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवरचे. गाण्याच्या मागे धप्, धप्, धप्. एक म्हणाला, "पॉवर प्रेस हाय राव. अडीचशे टनी." दुसरा, "सातव्या ठोक्याला खर्र करतोय बघ. क्लच गेलाय." तिसऱ्याने शेडच सांगितली. कुरुळीतली. त्या प्रेसवर भगवान असतो. बीडकडचा, मंडळाचाच सभासद, कायम मागच्या रांगेत.
म्हणजे गाणं त्यानेच प्रेसशेजारी वाजवून मोबाइलवर भरलं म्हणे.
पाठशाळेत शिकलो : जिथे धूर तिथे अग्नी. यांचं : जिथे ठोका तिथे प्रेस, जिथे प्रेस तिथे भगवान. गुरुजींनी पाठ थोपटली असती. राजा सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "सापडला!"
मी ठराव उतरवून घेतला. माझ्या खोलीत प्रेस नाही, एवढं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
पहिली शिफ्ट सुटताना भगवानला शेडबाहेर धरला. आधी पट्टे, मग बुलेटची साखळी. खाली पडल्यावर राजाने त्याचा उजवा हात फुटपाथच्या कडेला ठेवला आणि वरून रॉड घातला. दोनदा. एक जण मोबाइलवर तेच गाणं लावून उभा होता. रॉड ठोक्यावर बसला नाही म्हणून लोक हसले.
मी रस्त्यापलीकडे होतो. पाय हलले नाहीत.
बातमी : 'अज्ञात इसमांकडून कामगारास मारहाण.' अज्ञातांपैकी चौघांच्या लग्नात जेवलोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी जाग आली ती शांततेने. गुरुवार. अख्ख्या पट्ट्यातले प्रेस बंद. मागच्या गुरुवारीही बंदच होते, आणि राजाने भरून घेतलं ते माझ्या खोलीत, त्याच दुपारी.
मग ठोका आला कुठून?
पेनड्राइव्ह लावला. धप्, धप्, सातव्याला खर्र. ठोका गाण्यातच आहे! बँडनेच घातलेला ताल. साठ कारागिरांनी तालाला पुरावा मानलं आणि माणूस मोडला.
राजाकडे गेलो. म्हटलं, तूच फोडलंस आणि तूच रॉड घातलास. त्याने कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. डोक्याला टेंगूळ.
"एकालाच पाठवलं व्हतं सर. माज्या भावाला. पण मला ऐकवलं कुनी? नाव घ्यायचं तर दोन घेऊ."
तर्क निर्दोष.

१७ नोव्हेंबर, सोमवार
कुरुळीला भगवानच्या खोलीवर. मनगटात स्टीलची पट्टी बसवलीय, सहा स्क्रू. बायको मंगल दारातच : "पेपरवाले का? अज्ञात लिवलं ते?" चहा मात्र दिला.
भगवान फार बोलत नाही. "म्या न्हाई केलं सर." बास. मग स्वतःच सांगितलं की प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही तळहात एकदम दाबले तरच खाली येतो, हात आत जाऊ नये म्हणून. "एका हातानं मशीन चालतच न्हाई. लई हुशारीनं बनवलंय."
महिनाअखेर कामावर नाही आला तर दुसरा माणूस घेणार म्हणे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मंगलचा फोन. भगवानला मेसेज आलाय : २८ ला भोसरीत, अल्बमसाठी मंडळ बांधणार त्या स्टेजवर येऊन सगळ्यांसमोर माफी माग. नाही तर दुसरा हात.
खाली इमोजी : तीन टाळ्या आणि एक गिटार.
पोलिसांत गेलो. "नंबर अज्ञात आहे ना?" हवालदार म्हणाले. "तुमच्याच बातमीतला शब्द."

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कबुलीजबाब लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला. भाषा फार चांगली झाली म्हणून फाडला.
सौ.ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला काय सांगता? माझा हात शाबूत आहे."

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कुरुळी. खिशात पेनड्राइव्ह, पिशवीत छोटा स्पीकर. भगवानला म्हटलं, ऐक.
ठोका सुरू झाला तसा त्याचा डावा तळहात गादीवर पडू लागला, बरोबर तालात. सातव्याला थांबला, खर्र जाऊ दिलं, पुन्हा पडला. मंगल बघत राहिली.
"माझाच हाय ह्यो प्रेस."
बँडचे ड्रमवाले अण्णा दोन वर्षांमागे ठोका भरून घ्यायला आले होते. गुरुवारी मेंटेनन्सला भगवान शेडमध्ये एकटा असतो. रिकाम्या शेडमध्ये त्याने त्यांच्यासाठी तासभर प्रेस चालवला. "अण्णा म्हनले, अल्बम येईस्तोवर कुनाला बोलू नको. मालकाला कळलं तर नोकरीबी जाईल."
म्हणजे साठ जणांचे कान खरे होते. प्रेस तोच, क्लच तोच, माणूससुद्धा तोच.
"अरे, मार खाताना तरी बोलायचंस!"
"शबूद दिल्ता की सर."
दोन वर्षं. माझा सकाळी दिलेला शब्द दुपारच्या चहापर्यंत टिकला नव्हता.
मग त्याने स्पीकरकडे पाहिलं. पेनड्राइव्हकडे. माझ्याकडे.
"अल्बम तर उद्या येनार. ह्ये तुमच्याकडं कसं, सर?"
सांगितलं. मधू, शपथ, राजा, पालथा मोबाइल, रस्त्यापलीकडचे पाय. मंगलने माझ्यासमोरचा चहा उचलून मोरीत ओतला.
मला वाटलं, भगवान डाव्या हाताने मारील. बरं वाटलं असतं.
"शेवटचं कडवं आमी कुनीच ऐकलं न्हाई," तो म्हणाला. "तेवढं लावा. मग जा."
लावलं. संपेपर्यंत त्याचा हात गादीवर पडत होता.
येताना राजाला फोन केला. उद्या स्टेजवर पत्रकारांच्या वतीने दोन मिनिटं बोलायचंय म्हटलं. "बोला की सर, शुभेच्छाच देनार न्हवं?" मी म्हटलं, दोन नावं घेणार आहे. त्याने फोन कट केला.
ठोका भगवानच्या प्रेसचा आहे हे मात्र सांगायचं नाही. तो शब्द त्याचा आहे.
उद्यासाठी पांढरा शर्ट काढून ठेवला. सौ.ने तो परत कपाटात ठेवला आणि जुना चौकडीचा दिला.
"हा घाला," म्हणाली. "फाटला तरी चालेल."