फिका फोटो, भडक फोटो

३ मार्च
ताई मागेच लागली म्हणून विवाहमंडळाच्या साइटवर नाव घालतोय. मला स्वतःला गरज नाही. घटस्फोटानंतर माणूस उलट शिस्तीत राहतो. रिमोटवरून भांडण नाही. फोटो मात्र मीच काढणार. हौशी असलो तरी हात बसलेला आहे. रविवारी काम फत्ते.

८ मार्च, संध्याकाळ
खिडकीपाशी स्टूल, कॅमेऱ्याला टायमर. पळत येऊन बसायचं असल्याने सगळ्या फोटोंत धाप लागलेली दिसते. एक बरा आलाय. आता प्रश्न रंगांचा. फिके ठेवले की माणूस विचारी वाटतो, भडक केले की उत्साही. मी दोन्ही आहे. हीच पंचाईत.

११ मार्च
फिका फोटो ताईला पाठवला. लगेच फोन. ताप किती आहे, म्हणाली. कलेतलं तिला काय कळतंय!

१२ मार्च
भडक पाठवला. लिपस्टिक लावलीस का, म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, शेजारी कुणीतरी असलेला एखादा फोटो बघ, त्यात तू चांगला दिसतोस. शोधला. नाही सापडला. हार्ड डिस्क खराब झाली असणार.

२० मार्च
ऑफिसात ऑडिट. सवड नाही. (ऑडिट सोमवारीच संपलं. पण थकवा राहतो.)

२ एप्रिल
फिका टाकला. निर्णय ठाम. जिला कळायचं तिला कळेल.

५ एप्रिल
काही नाही. फिक्या रंगांचा परिणाम सावकाश होतो.

१४ एप्रिल
निरोप आला! एक शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत. लिहिलंय, फोटो सुंदर आहे, कुणी काढला? मीच, असं कळवलं. मग माझाही काढाल का, तिने विचारलं. भेटायला बोलवण्याची किती नाजूक पद्धत! पडदे धुतले.

१९ एप्रिल
आली. स्टुलावर अगदी ताठ बसली. रंग फिके ठेवू या, शोभतील, असं मी सुचवलं. तर हसून म्हणाली, "फिकं फार झालं हो. आता जरा रंग येऊ द्या."
कॉम्प्युटरवर रंग चढवत गेलो. ती बघता बघता स्क्रीनजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "ही मीच?"
फोटो घेऊन, चहा अर्धा टाकून गेली. घाई असणार. जिन्यात मात्र वळून हसली. शेजारच्या काकूंनी विचारलं, कोण आलं होतं? म्हटलं, बघू, अजून काही ठरलं नाही.

२६ एप्रिल
फोन नाही. शाळेत परीक्षा असतील. मी लाल शर्ट घेतला. सहज.

१० मे
तिचा फोन. आवाज खुशीत. तो फोटो साइटवर टाकला आणि आठवड्यात स्थळ आलं. जमलंसुद्धा. म्हणाली, "तुमच्या हाताला यश आहे हो! लग्नाचे फोटो तुम्हीच काढायचे." पुढच्या महिन्यात, सात तारखेला.
डायरी बघून सांगतो, म्हणालो.
बघितली. मोकळाच आहे.