पिस्तुलाला लागलेलं कुंकू

आबा, तुमच्या सुनेविरुद्ध गंभीर तक्रार नोंदवायची आहे. काल खंडेनवमीला तिनं तुमच्या पिस्तुलाला पाची बोटांनी कुंकू लावलं. ते सगळं खाचांत शिरलं, आणि मी, संस्कृतचा मास्तर, सकाळपासून दात घासायच्या ब्रशनं ते उकरत बसलोय. तुम्ही एक झेंडूचं फूल वर ठेवायचात, आई करंडा घेऊन आली की म्हणायचात, "लोखंडाला शिणगार नको. तेल दे."

फौजेत जन्मभर हत्यारं दुरुस्त केलीत तुम्ही. या पिस्तुलाची घडण शंभर वर्षांहून जुनी, हे तुम्हीच सांगितलेलं. तरी परवान्याच्या नूतनीकरणाला नेलं की ठाण्यातला हवालदार हातातली फाईल ठेवून बघतच राहतो. "मास्तर, नवी लई आली, पर असलं न्हाय की!" का, ते खोलताना कळतं. एकही भाग उगाच नाही. एक काढला की दुसरा आपसूक मोकळा होतो. चांगल्या सूत्रातही अशीच एक मात्रा जास्तीची नसते. हे तुम्हाला कधी बोललो नाही. तुम्ही मला 'शास्त्रीबुवा' म्हणून चिडवणार, आणि मी तुमच्या लोखंडाचं कौतुक करणार होय?

आठवतं? मी सातवीत आहे. आई भाकरी थापतेय. तुम्ही पुसून ठेवलेलं पिस्तूल मी उचलतो आणि गमतीनं तिच्यावर रोखतो. तुम्ही मारलं नाहीत. ते हातातून काढून घेतलंत. "रिकामं हाय म्हंतोस? हाताला सवय लागती त्याचं काय?" मग आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. अख्खा अमरकोश पाठ करणं त्यापेक्षा सोपं गेलं.

काल पूजा आटोपल्यावर तुमच्या नातवानं ते उचललं. गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी त्याचं महिनाभर वाजलंय. मागच्या आठवड्यात त्यानं शेजाऱ्याच्या गाडीची काच फोडली. काल खिडकीतून त्यानं त्या माणसाच्या पाठीवर नेम धरला. हसत. मी ओरडलो, तर म्हणतो, "रिकामं हाय की, बाबा! आता तुमचं वय झालं, माझ्या नावावर करा."

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. पिस्तूल ठाण्यात कायमचं जमा करायचा अर्जही आज लिहिलाय. त्यावर सही होत नाही. आबा, मला माझ्याच पोराची भीती वाटते. आणि तरीही हे पिस्तूल मला सोडवत नाही.