कम्प्युटर अजून ठरायचा आहे

३ ऑगस्ट २०२५, रविवार
सीएनसी मशीन गॅरेजमध्ये बसलं. कम्प्युटरच्या हुकमावर लाकडात आपोआप अक्षरं कोरणारं मशीन घरी असलेला मनीषनगरात मी पहिलाच. (चौकशी केलेली नाही, पण असणारच.) जोडणी मी केली. म्हणजे ड्रॉइंग मी वाचलं, नटबोल्ट कामठीच्या गोपाळराव सुतारांनी कसले. ते प्रीतीच्या क्लिनिकचं फर्निचर करायला आलेच होते.

प्रीती, माझी मुलगी, फिजिओथेरपिस्ट. उद्घाटन १२ ऑक्टोबरला. म्हणाली, बाबा, दारावरची पाटी तुम्हीच करा, मी दुसरीकडे सांगत नाही. रिटायर झाल्यापासून दळण सोडून कुणी मला काही करायला सांगितलं नव्हतं. सागाची फळी तयार. आता फक्त कम्प्युटर ठरवायचा. संध्याकाळपर्यंत ठरेल.

५ ऑगस्ट
ठरला नाही. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली, एकही निर्णय घाईत घेतला नाही. काही तर घेतलेच नाहीत, आणि तेही बरोबर ठरले.

९ ऑगस्ट
प्रीतीचा कॉलेजातला लॅपटॉप पडून आहे. नाकारला. लॅपटॉप वीज वाचवायला मधेच डुलकी घेतो. ऐन कोरताना डुलकी लागली तर 'फिजिओ'चा 'फिजि' होईल. माझी बायको इंदू म्हणाली, एकदा लावून तर पाहा जी. लावून पाहणं ही अडाण्यांची पद्धत.

१७ ऑगस्ट
एक्सेलमध्ये तक्ता केला. तेवीस कॉलम. 'भुशाचा परिणाम' हा कॉलम माझी स्वतःची भर. हल्ली तळहाताएवढा कम्प्युटरही मिळतो. नाकारला. एवढ्याशा वस्तूचा हुकूम एवढं मोठं मशीन काहून ऐकेल?

२४ ऑगस्ट
इंटरनेटवरच्या जाणकारांचं मत: जुना डेस्कटॉप सर्वांत उत्तम, ज्याच्या पाठीमागे जुन्या प्रिंटरचं रुंद सॉकेट असतं तो. धरमपेठेतल्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, काका, तो आता म्युझियममध्ये पाहा. हसलाही. अशांना सखोल अभ्यास काय कळणार?

२ सप्टेंबर
मिळाला! भंगारवाल्याकडे. दिवसभर लेटन्सी टेस्ट लावली. मशीनला इशारा करायला कम्प्युटर किती उशीर लावतो, त्याची परीक्षा. इंदूला समजावून सांगितलं. ती म्हणाली, परवा सांबार आणायला सांगितला, अजून आला नाही, तुमची लेटन्सी किती? भाजी कोथिंबिरीशिवाय झाली. विनोद बरा होता, प्रसंग गंभीर होता.

१४ सप्टेंबर
दुसरा डेस्कटॉप आणला. तुलना करायची तर दोन लागतात.

२० सप्टेंबर
तिसरा आणला. पहिल्या दोघांत मतभेद होते. इंदूची स्कूटी आता बाहेर उन्हात असते. सीट फाटली. तिचं म्हणणं, मशीनमुळे. माझं म्हणणं, उन्हामुळे.

२८ सप्टेंबर
प्रीती आली. फळी पाहिली. फळी अजून फळीच होती. तिला लेटन्सी, भुसा, सॉकेट, सगळं चाळीस मिनिटं सांगितलं. तिने मधे एकदाही फोन पाहिला नाही. जाताना म्हणाली, दारावर हुक ठोकून ठेवले आहेत बाबा, जागा रिकामीच ठेवली आहे. तेवढं जरा खुपलं. नंतर लक्षात आलं, की हा दबाव आहे, आणि दबावाखाली चुकीचा कम्प्युटर निवडला जातो.

५ ऑक्टोबर
निर्णय! डेस्कटॉप क्रमांक दोन. पहिली चाचणी सकाळी अकराला. मशीन गुरगुरलं, भुसा उडाला. 'प्री'ची अर्धी वेलांटी झाली आणि कम्प्युटरने अपडेट सुरू केलं. 'कृपया बंद करू नका' म्हणाला. मी बंद केला नाही. इंदू म्हणाली, माणसाचं एवढं ऐकत जा कधी.

७ ऑक्टोबर
अपडेट बंद करून पुन्हा. रद्दी प्लायवर पूर्ण पाटी कोरली. अक्षरं स्वच्छ, खोली एकसारखी, कडा धारदार. फक्त उलटी. आरशात पाहिल्यास अचूक. म्हणजे कम्प्युटरची निवड बरोबरच होती. इंदू म्हणाली, मग क्लिनिकसमोर आरसा लावा, पेशंट त्यात पाहून येतील. दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिला संध्याकाळी कळलं.

९ ऑक्टोबर
गोपाळराव मशीनच्या खोक्यातला थर्माकोल काढून राहिले होते. त्याखाली रिमोटसारखं काहीतरी सापडलं. छोटा पडदा, आठ बटणं, खाली मेमरी कार्डाची खाच. त्यांनी विचारलं, सायेब, हे काय होय जी? मी पुस्तिका वाचली. लिहिलं होतं: याने मशीन थेट चालतं. कम्प्युटर लागत नाही.

मी सांगितलं, हे नवशिक्यांसाठी असतं.

प्रीतीने डिझाइन कार्डात टाकून दिलं. गोपाळरावांनी एका मोटरचा प्लग उलटा करून लावला, मशीन उलटं काहून चालते ते मले परवाच दिसलं होतं म्हणाले. परवाच का नाही सांगितलं? तर म्हणाले, तुम्ही तक्ता भरून राहिले होते. जेवायच्या आत सागावर पाटी तयार झाली. मी स्टॉप बटणाजवळ उभा होतो. जबाबदारीची जागा.

१२ ऑक्टोबर, रविवार
उद्घाटन थाटात. पाटीसमोर सगळे फोटो काढून राहिले होते. प्रीती प्रत्येकाला सांगत होती, बाबांच्या मशीनवर झाली. लोक अभिनंदन करत गेले, तसतसं मलाही सगळं मीच केल्याचं आठवू लागलं. छोटंसं भाषणही केलं, योग्य कम्प्युटर कसा निवडावा यावर. वीस मिनिटांनी प्रीतीने माइक घेतला. समोसे थंड होत होते म्हणे.

यमुताई, माझी थोरली बहीण, म्हणाली, काय गा संघपाल, एवढा हुशार झाला तू! आपल्या विहारात नवीन वाचनालय होऊन राहिलं, त्याची पाटी करून दे. मी सर्वांसमोर म्हणालो, आठ दिवसांत. गोपाळराव बाजूला समोसा खात होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा समोसा खाल्ला.

१४ ऑक्टोबर
रिमोट माझ्या हातात. टोकदार पातं फळीच्या वर आणून शून्य ठरवायचं असतं, म्हणजे खोली कुठून मोजायची ते. ते राहिलं. पातं फळीतून आरपार टेबलात गेलं आणि तुटलं. टेबलावर आता 'वा' आहे.

१५ ऑक्टोबर
दुसरं पातं. दुसरी फळी. टेबलावर 'वाच' झालं.

पाटी रद्द म्हणून सांगायला यमुताईला फोन लावला. मी बोलायच्या आधीच म्हणाली, विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं, पाटी माझा भाऊ करून राहिला म्हणून. आपल्या बाबाला सही करता येत नव्हती, आणि त्याचं पोरगं वाचनालयाचं नाव कोरते. मी म्हणालो, काम चालू आहे. फोन ठेवल्यावर गॅरेजमध्ये गेलो. तक्ता उघडला नाही.

१६ ऑक्टोबर
शेअर ऑटोने कामठीला, गोपाळरावांच्या कारखान्यात. वाटेत ठरवलं होतं, की त्यांना 'तांत्रिक सहकार्य' देऊ करायचं. तिथे पोचल्यावर तोंडून निघालं, गोपाळराव, मले जमत नाही. चौतीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच. ते म्हणाले, मशीन इकडे पाठवा जी टेम्पोत, आणि तुम्हीबी या.

१८ ऑक्टोबर
मशीन गेलं. तीन डेस्कटॉपांपैकी क्रमांक दोन प्रीतीने रिसेप्शनला नेला, अपॉइंटमेंट लिहायला. उरलेले दोघे भंगारवाल्याने परत नेले. स्कूटी आत आली. इंदूने फाटक्या सीटवर जुनी चादर टाकली.

१९ ऑक्टोबर
कामठी. गोपाळरावांनी पाटी कोरली, कडा पाहिल्या आणि माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. मी विचारलं, पेपरच्या नंबरांचा एकदा अभ्यास करू का? म्हणाले, घासा.

दोन तास घासलं. आडवं घासत होतो, रेषेने घासा म्हणाले. रेषेने घासलं. 'वाचनालय'चा 'ल' जरा बरा निघाला. तो पाहून त्यांनी आणखी एक फळी पुढे सरकवली आणि उद्या नऊला या म्हणाले.

साडेनऊ चालेल का विचारलं. नाही म्हणाले.